दोन कार्बोरेटर आणि एक शब्द

गिऱ्हाइकं त्यांना तोंडावर काका म्हणायची आणि पाठ वळली की उद्यावाले. गाडी कधी मिळेल असं विचारलं की मान वर न करता त्यांचं ठरलेलं उत्तर यायचं, "उद्या." सोमवारी विचारा, उद्या. शनिवारी विचारा, तरी उद्या, आणि रविवारी गॅरेज बंद असतं हे दोघांनाही माहीत. त्यात फसवाफसवी नव्हती. गाडीचा आवाज मनासारखा लागेपर्यंत ती हातातून सोडायची नाही असा त्यांचा हट्ट होता, आणि तो आवाज कधी लागेल हे त्यांनाही आधी कळायचं नाही. एकदा एक जण वैतागून म्हणाला, "काका, तुमच्या कॅलेंडरात आज नावाचा चौकोन आहे का हो?" काकांनी एक स्क्रू पाव आटा फिरवला, कान दिला आणि म्हणाले, "छापायला टाकलाय. उद्या येईल."

त्यांचं नाव होतं ते कार्बोरेटरच्या कामासाठी. पेट्रोल आणि हवा यांची नेमक्या मापात गाठ घालून ती इंजिनाकडे पाठवणारा हा मुठीएवढा धातूचा डबा. हवा जास्त झाली तर इंजिन तापतं, पेट्रोल जास्त झालं तर काळा धूर ओकतं. नव्या गाड्यांत हे सगळं आता आपोआप होतं, त्यामुळे तरुण मेकॅनिकांचा कार्बोरेटरशी संबंधच उरला नव्हता. जुनी गाडी आली की ते सरळ सांगत, "उद्यावाल्यांकडे न्या." काका गाडी सुरू करायचे, डोळे मिटायचे आणि दोन मिनिटं नुसते उभे राहायचे. मग म्हणायचे, "हिला भूक लागलीय," नाहीतर "हिचं पोट बिघडलंय." बहुतेक वेळा ते खरं निघायचं.

गॅरेज म्हणजे घराचीच रस्त्याकडची खोली. मधल्या भिंतीपलीकडे काकूंचं शिलाई मशीन. काकू पडदे, गणवेश, उशांचे अभ्रे शिवायच्या. तीस वर्षं भिंतीच्या अलीकडे इंजिन आणि पलीकडे मशीन असा संसार चालला होता. मूलबाळ नव्हतं. त्याचं दुःख दोघांनी कधीतरी आपापल्या आवाजात बुडवून टाकलं असावं.

ज्या सकाळी ते झालं, तेव्हा काकांच्या समोर पत्र्याच्या ट्रेमध्ये दोन कार्बोरेटर खोलून ठेवलेले होते. गाडी जवळच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांची. म्हणजे मूळ त्यांच्या वडिलांची, दोन सिलिंडरची, जड, काळी, टाकीवरचा रंग मांडीच्या घासण्याने उडालेली. वडील गेल्यावर आठ वर्षं ती जिन्याखाली पडून होती. आतलं पेट्रोल वाळून त्याची चिकट राळ झाली होती आणि सुईच्या टोकाएवढ्या भोकांच्या पितळी जेटमधून वाराही जात नव्हता. प्रत्येक सिलिंडरला आपापला कार्बोरेटर, म्हणून काम दुप्पट. काका खुशीत होते. असं काम हल्ली वर्षातून एखादंच यायचं.

उजव्या हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली पडला. ते उचलायला वाकले तर बोटं मिटेनात. हात मुंग्या आल्यासारखा नव्हे, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा लोंबत होता. त्यांनी काकूंना हाक मारायची ठरवली. 'अगं, जरा इकडे ये' हे वाक्य डोक्यात अगदी स्वच्छ तयार झालं. तोंडातून आलं, "उद्या."

भिंतीपलीकडे मशीन थांबलं. "काय उद्या?"

"उद्या," काका म्हणाले. आपण काय बोललो ते त्यांना ऐकू आलं आणि त्यांनी पुन्हा जोर लावला. "उद्या. उद्या!"

"चहा आत्ता हवाय की उद्या, ते एकदा ठरवा," काकू आतून हसत म्हणाल्या आणि त्यांनी मशीन पुन्हा सुरू केलं. एक पूर्ण शिवण संपवून, दोरा तोडून त्या बाहेर आल्या तेव्हा काका ट्रेशेजारी एका कुशीवर पडले होते, डोळे टक्क उघडे. ती एक शिवण काकूंना पुढे फार छळायची. त्या कुणाला बोलून दाखवायच्या नाहीत, पण काका ओळखून होते. 'तेवढ्याने काही फरक पडला नसता' असं सांगायचं त्यांच्या फार मनात होतं. तेही सांगता येत नव्हतं.

तीन आठवडे इस्पितळात काढून काका घरी आले ते काठी टेकत, उजवा पाय ओढत. उजवा हात मेल्यागत. डॉक्टरांनी काकूंना नीट समजावलं होतं. माणूस आत पूर्ण शाबूत आहे. त्यांना सगळं कळतं, सगळं आठवतं. मनातून तोंडापर्यंत येणारा रस्ता तेवढा खचलाय. लिहिण्याचा रस्ताही तोच, म्हणून लिहूनही सांगता येणार नाही. अशा माणसांकडे कधी कधी एखादाच शब्द उरतो, तोंडाला सगळ्यात जास्त सवय असलेला. तो कोणता उरेल ते कुणाच्या हातात नसतं.

बोलण्याचे व्यायाम घ्यायला एक बाई यायच्या. हसऱ्या, गोड आवाजाच्या. त्या चित्रांची कार्डं दाखवायच्या. कप, कंगवा, किल्ली.

"काका, हे काय आहे?"

कप, काका मनात म्हणायचे. कप आहे, बाई. पांढरा, कानाचा, असल्या कपात मी रोज दोनदा चहा पितो.

"उद्या," ते म्हणायचे.

"छान! प्रयत्न छान आहे," बाई म्हणायच्या, आणि काकांना वाटायचं, हे कार्ड तोंडात कोंबून चावून टाकावं.

हो आणि नाही मात्र मानेने जमायचं. तेही घाईत उलटसुलट व्हायचं. मान होकाराची हलायची आणि मनात नकार असायचा. बघणाऱ्याला ते कळायला मार्ग नव्हता.

महिन्याभराने चित्रकलेचे सर आले. चाळिशीचे, सडपातळ, बोलताना समोरच्याचा त्रास आपल्यालाच होतोय असा चेहरा करणारे. ते गाडीचे सुटे भाग पिशवीत भरून न्यायला आले होते, पण काकांना बघून त्यांनी पिशवी पाठीमागे धरली. काकांनी डाव्या हाताने ट्रे छातीशी धरला होता. त्यांना म्हणायचं होतं, या भागांची अदलाबदल झाली तर कार्बोरेटर पुन्हा बसणार नाहीत, डावीकडचे डावीकडे ठेवा. सरांना वाटलं, काकांचा जीव त्यात अडकलाय.

"राहू दे, काका. घाई नाही. तुम्ही बरे व्हा, मग बघू."

काकू दारात उभ्या होत्या. त्या अचानक म्हणाल्या, "मी करते."

"तुम्ही, काकू?"

"त्यांचं डोकं आहे, माझे हात आहेत. सुईत दोरा मी चष्म्याशिवाय ओवते, सर. एवढासा डबा काय जोडता येणार नाही?"

काकांनी बायकोकडे बघितलं. तीस वर्षांत तिने गॅरेजातला पानासुद्धा कधी उचलला नव्हता. ग्रीसचा डाग पडेल म्हणून ती उंबऱ्यावरूनच बोलायची. त्यांना बरंच काही म्हणायचं होतं आणि ते 'उद्या' होऊन बाहेर पडलं. सर हसले. काकूही हसल्या. पहिल्यांदाच त्या शब्दावर घरात हसू झालं.

पहिला आठवडा खडतर गेला. काकू स्टुलावर बसायच्या, समोर ट्रे. काका शेजारच्या खुर्चीत, डाव्या हातात काठी. ती काठी म्हणजे त्यांचं बोट. हे उचल, ते ठेव, उलटं धर. काकूंनी एक जेट उचलला, उजेडाकडे धरला, आरपार काही दिसेना. त्यांनी सवयीने पदराला टोचलेली शिवणाची सुई काढली आणि भोकात घालणार, तोच काकांनी काठीने त्यांच्या मनगटावर फटका मारला.

"अहो! लागलं ना!"

पोलादाच्या सुईने पितळेचं भोक केसभर मोठं झालं की तो जेट बाद. हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. काकांनी सुई हिसकावून लांब फेकली, मग भिंतीवरच्या जुन्या वायरकडे काठी दाखवली. काकूंनी वायर आणून दिली. काकांनी दातांनी तिचं वरचं आवरण सोललं आणि आतल्या तांब्याच्या केसासारख्या तारांतली एक ओढून काकूंच्या हातात ठेवली.

काकू मनगट चोळत तारेकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मऊ तार हवी. भोक वाढायला नको. काजाचं असतं तसंच."

काकांची मान जोरजोरात हलली. या खेपेला बरोबर दिशेने.

त्यांना त्या दिवशी वाटलं, जमेल. हातांच्या बाबतीत काकू त्यांच्यापेक्षा सरस निघाल्या. फ्लोट नावाचा जो पोकळ तरंगता भाग आतल्या पेट्रोलची पातळी राखतो, त्याची उंची त्यांनी शिवणाच्या टेपने अशी मापली की काका बघतच राहिले. पण प्रत्येक वेळी कुठला भाग म्हणायचाय हे काठीने दाखवायचं म्हणजे मेटाकुटीला यायची पाळी. ट्रेमध्ये चाळीस बारीक भाग. काका एकाकडे दाखवायचे, काकू शेजारचा उचलायच्या.

युक्ती काकूंनाच सुचली. बोलण्याच्या बाईंची कार्डं समोर पडलेली होती. त्यांनी सरांना बोलावून घेतलं. "सर, कप-कंगव्याची चित्रं ह्यांना काय कामाची? तुम्ही मला कार्बोरेटरची कार्डं काढून द्या."

सर दोन संध्याकाळी गॅरेजात बसले. कार्बोरेटरचा एकेक भाग हातात घेऊन त्यांनी जाड कागदावर शाईने अशी चित्रं काढली की पितळेची चमक दिसावी. फ्लोट, मोठा जेट, छोटा जेट, स्प्रिंग, सुई, वर-खाली सरकणारी स्लाइड, हवेचा स्क्रू, पेट्रोलची वाटी. सोळा कार्डं. काकांनी ती मांडीवर पसरली आणि सावकाश हात फिरवला. आता त्यांच्याकडे सोळा शब्द होते. ते डाव्या हाताने कार्ड उचलायचे, मग बोटाने हवेत फिरवून दाखवायचे, इतकं सोड, इतकं आवळ. काकू करायच्या. बोलण्याच्या बाई आल्या तेव्हा काकांनी हवेच्या स्क्रूचं कार्ड त्यांच्या नाकासमोर धरलं आणि बाईंनाच 'हे काय आहे' असा चेहरा करून दाखवला. बाईंना अर्थातच सांगता आलं नाही. काकू तोंडाला पदर लावून हसत होत्या.

दोन्ही कार्बोरेटर गाडीवर बसले त्या सकाळी सरांनी किक मारली. सहाव्या किकला गाडी खोकली, नवव्याला धडधडली आणि खोलीभर निळा धूर झाला. सर लहान मुलासारखे ओरडले. काकांनी डोळे मिटले. आवाज लंगडत होता. एक सिलिंडर पुढे, एक मागे.

त्यांनी काकूंना गाडीच्या मागे नेलं आणि खाली बसवलं. दोन सायलेन्सर, दोन बाजूंना. काकांनी त्यांचे तळवे धरून एकेका नळीमागे वीतभर अंतरावर ठेवले. हे ते स्वतः करायचे, दोन्ही तळव्यांनी. आता त्यांचा एकच तळवा जिवंत होता. काकूंनी मान कलती करून लक्ष दिलं.

"उजवीकडचा वारा जरा मऊ येतोय," त्या म्हणाल्या. "डावीकडचा टोचतो."

काकांनी स्लाइडचं कार्ड सरांना दाखवलं आणि एका बोटाची सूक्ष्म हालचाल केली. सरांनी डावीकडच्या स्लाइडचा स्क्रू किंचित सोडला.

"अजून. अजून जरासा. थांबा! आता सारखा आला."

आवाज सरळ झाला. काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते त्यांना पुसायचं नव्हतं. तेवढे दहा-बारा क्षण सगळं होतं तसं झालं होतं.

मग सर एक फेरी मारून आले. पाचसहा मैल, म्हणाले. गाडी तापलेली होती. दारात येऊन त्यांनी हौसेने एकदा जोरात ॲक्सिलरेटरची मूठ पिळली आणि सोडली. आवाज चढला. खाली यायला हवा होता तसा चटकन आला नाही. एक क्षण वरच लोंबकळला आणि मग सावकाश उतरला.

काकू म्हणाल्या, "काय गोड चालतेय!"

काकांचे कान टवकारले. मूठ सोडल्यावर आवाज वर रेंगाळतो याचा अर्थ त्यांना झोपेतही सांगता आला असता. कुठूनतरी चोरून हवा आत शिरतेय. थंड गाडीत नाही, तापल्यावर. म्हणजे कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये बोटभर लांबीचा जो रबरी जोड असतो, तो आतून चिरलाय. आठ वर्षं पडून रबर कडक झालं असणार. बाहेरून काही दिसणार नाही. शहरात चार फेऱ्या मारल्या तर चालेल. पण लांबच्या रस्त्यावर, वेगात, पेट्रोल कमी आणि हवा जास्त होऊन पिस्टन तापत तापत वितळेल, आणि चालत्या गाडीत इंजिन जागच्या जागी धरेल, जाम होईल.

आणि सर नेमके त्याच दिवशी लांब निघाले होते. बहिणीकडे, घाटापलीकडे. वडिलांची गाडी तिला दाखवायची होती. पाठीवर पिशवी बांधूनच आले होते.

काकांनी काठी उचलून रबरी जोडावर टेकवली.

"घट्ट केलीय ती पट्टी," काकू म्हणाल्या. त्यांना जोडावरची आवळायची पट्टी दिसली. तरी त्यांनी स्क्रू ड्रायव्हर लावून आणखी अर्धा आटा फिरवला. "बघा, आता हलतसुद्धा नाही."

काकांनी मान हलवली. नाही म्हणायचं होतं. कोणत्या दिशेने हलली कोण जाणे.

"हं, झालं," काकू म्हणाल्या.

काकांनी मांडीवरची कार्डं ओरबाडली. फ्लोट. नाही. जेट. नाही. स्प्रिंग, सुई, वाटी. एकेक कार्ड ते बघायचे आणि खाली टाकायचे. सोळाही कार्डं जमिनीवर पडली. रबरी जोडाचं कार्ड त्यांत नव्हतंच. सरांनी कार्बोरेटरचे भाग काढले होते, आणि तो जोड कार्बोरेटरचा भाग नाही. तो त्याच्या बाहेर असतो. हे आधीच लक्षात यायला हवं होतं ते त्यांच्याच, दुसऱ्या कुणाच्या नव्हे.

"काका दमले," सर हळूच म्हणाले. त्यांनी कार्डं गोळा करून नीट गड्डी केली आणि वाकून काकांच्या पायाला हात लावला. "मी निघतो. येताना पुन्हा दाखवून जाईन."

काकांनी त्यांची बाही पकडली. "उद्या!"

सर थबकले.

"उद्या," काका म्हणाले. आयुष्यात इतक्या कळवळून त्यांनी तो शब्द कधी उच्चारला नव्हता. आणि आज तो बरोबरही होता. उद्या जा. आज जाऊ नका. "उद्या, उद्या, उद्या!"

काकू आणि सर एकमेकांकडे बघून हसले. वाईट हसू नव्हतं ते, मायेचंच होतं. "गाडी तयार झाली तरी उद्याच," काकू म्हणाल्या. "अहो, सोडा आता त्यांना. बहीण वाट बघत असेल."

काकांनी बाही सोडली, कारण त्यांना दुसरं काहीतरी सुचलं होतं. अशी चोरटी हवा पकडायची त्यांची एक जुनी रीत होती. चालू इंजिनात त्या रबरावर थेंबभर पेट्रोल सोडायचं. चीर असेल तर इंजिन ते ओढून घेतं आणि आवाज बदलतो. धोक्याचं काम, पण हातात कसब असेल तर काही होत नाही. आवाज बदललेला या दोघांनी ऐकला की बोलायची गरजच नाही. कपाटाच्या खालच्या फळीवर पेट्रोलची छोटी बाटली होती. काकांनी काठी टाकून दिली, गाडीच्या सीटचा आधार घेतला, बाटली काढली, दातांनी बूच उपसलं.

थेंब उजव्या हाताने पडला असता. डावा हात तसल्या कामाचा नव्हता. बाटली कलंडली आणि पेट्रोलची धार तापलेल्या इंजिनावर, सायलेन्सरवर, जमिनीवर पडली. चर्रर्र आवाज होऊन वाफ उठली.

"अहो, काय करताय!" काकू किंचाळल्या. त्यांनी झेप घेऊन बाटली हिसकावली. सरांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, जवळचं फडकं टाकलं, गाडी ढकलत रस्त्यावर नेली. भडका उडाला नाही, नशीब. काका तोल जाऊन खाली बसले होते, हनुवटीवरून पेट्रोल ओघळत होतं.

काकांचं आजारपण आल्यापासून काकू एकदाही आवाज चढवून बोलल्या नव्हत्या. आता बोलल्या. "जाळायचं होतं का? मला, सरांना, स्वतःला? इतकं राबून ही गाडी उभी केली आणि ती जाते म्हणून तुम्ही पेटवणार? असं कसं हो झालं तुमचं!"

काका वर बघत होते. ओठ हलत होते.

"आता पुन्हा तो शब्द नको," काकू म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

काकांनी तोंड मिटून घेतलं.

बाहेर सर घुटमळले. आपण थांबलो तर काकांना आणखी त्रास होईल असं त्यांना वाटलं. त्यांनी हात जोडले, कोपऱ्यापर्यंत गाडी ढकलत नेली आणि तिथे सुरू केली. काकांनी जमिनीवर बसल्या बसल्या तो आवाज ऐकला. पहिल्या गिअरला, दुसऱ्याला, वळणावर मूठ सोडल्यावर तेच लोंबकळणं. मग रस्त्याच्या बाकी गलबल्यात तो मिसळून गेला, तरी ते बराच वेळ ऐकत राहिले.

दिवसभर ते जेवले नाहीत. काकूंनी त्यांचा सदरा बदलला, हनुवटी साबणाने धुतली. दुपारनंतर काकूंचा राग ओसरला होता. "चुकलंच माझं, इतकं बोलायला नको होतं," त्या म्हणाल्या. काकांनी खुर्ची दाराकडे वळवून घेतली होती. घाट चढायला गाडीला किती वेळ लागेल याचा हिशेब ते करत होते. आता पायथा आला असेल. आता पहिलं वळण.

फोन चौथ्या दिवशी आला, सरांच्या बहिणीचा. घाटातल्या शेवटच्या चढावर इंजिन एकाएकी धरलं, मागचं चाक अडकलं, सर फेकले गेले. खांद्याचं हाड मोडलं, चार बरगड्यांना तडे. मागून येणारा ट्रक वेळेवर थांबला म्हणून निभावलं. गाडी टेम्पोत घालून पाठवतेय, ती मला दारात बघवत नाही, असं बहीण म्हणाली.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि नवऱ्याकडे बघितलं.

टेम्पो आला. काकूंनी पदर खोचला आणि एव्हाना शिकलेल्या हातांनी एकेक भाग उतरवला. डावा प्लग जास्त तापून खडूसारखा पांढरा पडला होता. कार्बोरेटर बाजूला झाला तेव्हा रबरी जोड त्यांच्या हातात आला. त्यांनी तो पिळून बघितला. आतल्या बाजूने, पट्टीच्या अगदी खाली, नखाएवढी चीर उघडली. सोडला की मिटत होती. पिळला की पुन्हा उघडत होती, मुक्या तोंडासारखी.

त्या तो घेऊन काकांच्या पायाशी येऊन बसल्या.

"हेच दाखवत होतात."

काकांनी जोड हातात घेतला नाही.

"काठीने हेच दाखवलंत. मी पट्टी आवळत बसले. आणि ते पेट्रोल... तेही ह्याच्यासाठीच ना? मला वेडे वाटलात तुम्ही. मी तुम्हाला नाही नाही ते बोलले." काकूंनी कपाळ त्यांच्या गुडघ्यावर टेकलं. "अहो, एकदा रागावा तरी माझ्यावर."

काकांना राग नव्हताच. त्यांना म्हणायचं होतं, तुझ्या जागी मी असतो तर मलाही हेच वाटलं असतं. म्हणायचं होतं, फ्लोट तू माझ्यापेक्षा नीट बसवलास. त्यांनी डावा हात तिच्या केसांवर ठेवला. तो थोडा जड पडला, कारण हळू ठेवणंही त्या हाताला अजून येत नव्हतं.

सर महिन्याने आले, उजवा हात गळ्यात बांधलेला. म्हणाले, "काका, तुम्ही सांगत होता, मीच थांबलो नाही." काकू म्हणाल्या, चूक माझी. बराच वेळ दोघं एकमेकांकडून चूक हिसकावून घेत राहिले आणि काका मधे बसून आळीपाळीने दोघांकडे बघत होते. कुणाचीच चूक नव्हती हे त्या खोलीत फक्त त्यांनाच समजत होतं. जाताना सरांनी एक नवं कार्ड पुढे केलं, रबरी जोडाचं. डाव्या हाताने काढलेलं, रेषा वाकडी. काकांनी ते घेतलं, पण बाकीच्या सोळांत ठेवलं नाही. ते खिडकीत पडून राहिलं आणि उन्हाने त्याची शाई विटली.

गाडी सरांनी भंगारात दिली नाही, जिन्याखालीही ठेवली नाही. पलीकडच्या गल्लीतल्या तरुण मेकॅनिकाने भाग मिळाले तर बघू म्हणून ती ठेवून घेतली. काकूंनी पाने-पकडीही त्यालाच देऊन टाकल्या. त्या म्हणाल्या, "माझ्या हाताला भीती बसलीय. भीतीने आवळलेला स्क्रू कसा असतो ते मला माहीत नाही, आणि ते मला कुणाच्या गाडीवर शिकायचं नाही." काकांनी अडवलं नाही. शटर ओढलं गेलं तेव्हा ते आतल्या खोलीत होते.

आता त्यांची खुर्ची काकूंच्या मशीनशेजारी, खिडकीपाशी असते. रस्त्यावरून गाड्या जातात. बहुतेक नव्या, एकसारख्या भुणभुणणाऱ्या. त्यांच्याकडे काका लक्ष देत नाहीत. पण मधूनच एखादी जुनी येते आणि त्यांची मान ताठ होते. कुठे हवा जास्त, कुठे जेट अर्धा बुजलेला, कुठे फ्लोट चिकटलेला. दोन श्वासांत त्यांना सगळं कळतं. काकू पाय उचलून मशीन थांबवतात.

"काय झालंय हो तिला?" त्या विचारतात.

काका तो एक शब्दही ओठांमागे आवळून बसतात. गाडी कोपऱ्यावरून वळते, आवाज बारीक होत जातो. काकू हातातलं कापड तसंच धरून ठेवतात, तो पुरता विरेपर्यंत.